इगतपुरीला निघण्यापूर्वी

चि. सुहास,

विपश्यना शिबिर औषधाच्या जागी घ्यायचे नसते. शिबिराच्या ओढीने कुणी झोपेच्या गोळ्या परस्पर बंद केल्याचे घरात कानावर आले, की आधी एवढेच सांगावे लागते. प्रवेशअर्जात आजार आणि औषधे विचारतात, ती लपवू नयेत. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

ही साधना सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे मालवतात. फोन, पुस्तके, वही-पेन जमा करायचे. दहाव्या दिवशी मौन सुटेपर्यंत शेजारच्याशी खाणाखुणाही चालत नाहीत. फी नसते; आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च भागतो.

पहिले तीन दिवस आनापान. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा; तो लांबवायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. दोन श्वासांत मन निकालाच्या तारखेकडे धावते. धावल्याचे लक्षात आले की न चिडता श्वासाकडे परतायचे. दिवसभर हेच घडत राहते, आणि सराव म्हणतात तो यालाच. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंतच्या संवेदना पाहायच्या. गुडघ्यात कळ येते, वाढते, सरकते, ओसरते. झोप लागली नाही, तरी अंथरुणावर पडल्या पडल्या हेच करता येते. त्रास फार वाढला तर दुपारी बाराला आचार्यांना भेटता येते. तिथे संकोच करू नये.

गोळ्यांचा विषय पुन्हा निघतो, त्याला कारण आहे. मागच्या पिढीत जागरणाला कुणी दुखणे मानत नसे. माजघरात रात्रभर येरझाऱ्या घालणाऱ्या बायका सकाळी चहाला आधण ठेवत, आणि डोळे का सुजले हे कुणी विचारत नसे. हे पत्र लिहिणारी त्यांतलीच एक. डॉक्टरकडे जायचे राहूनच गेले.

डॉक्टरांशी बोलणे झाले आणि अर्जात गोळ्यांची नावे लिहिली, की जायला घरातून कुणाची आडकाठी नाही. पहाटे तिथे गारठा असतो, शाल धुऊन ठेवली आहे. परत आल्यावर झोप लागली का, मन शांत झाले का, असा जाब कुणी विचारणार नाही.

आत्या