स्क्रीन रीडरची पुरवणी आणि तिची भाषा

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर ज्यांस डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं, त्यांच्याकरितां स्क्रीन रीडर नांवाचा प्रोग्रॅम असतो, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तो पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितो, किंवा ब्रेल यंत्राच्या टिंबांत उमटवितो. परंतु ह्या वाचकासही मर्यादा आहे. तो मुख्यतः पडद्याचें चित्र पाहत नसतो. आपण ज्या प्रोग्रॅमांत काम करीत असूं, तो प्रोग्रॅम आपल्या बटनांविषयीं व रकान्यांविषयीं जी माहिती पुरवितो, तीच तो बोलून दाखवितो. आतां एखाद्या प्रोग्रॅम लिहिणारानें बटनावर सुंदर चित्र काढलें, पण त्यास नांव दिलें नाहीं, तर डोळस मनुष्याचें कांहींच अडत नाहीं ; अंध मनुष्यास मात्र 'बटन' एवढाच शब्द ऐकूं येतो. तें बटन पत्र पाठविण्याचें कीं पुसून टाकण्याचें, हें त्यास कसें कळावें ? अशा एका निनांवी बटनापायीं चांगल्या शिकलेल्या मनुष्याच्या हातचें काम जाऊं शकतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं स्क्रीन रीडरास जी लहानशी पुरवणी जोडतात, तिला ॲड-ऑन किंवा स्क्रिप्ट म्हणतात. ती लिहावयाची तर कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, येथें निवड सर्वस्वी आपल्या हातीं नसते. 'देश तसा वेश' ही म्हण येथें अगदीं लागू पडते. पुरवणी ज्या घरीं राहावयाची, त्या घरची भाषा तिला बोलावी लागते. ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या पुण्याच्या एका सुपुत्राचें आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यास वाढले. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. पुणें व मुंबई येथील शिक्षण संपवून ते अमेरिकेंत गेले, व १९९४ सालीं कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. १९९५ सालीं त्यांनीं 'ईमॅकस्पीक' प्रसिद्ध केलें. ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम बव्हंशीं लिस्प भाषेच्या एका बोलींत लिहिलेला आहे. म्हणून रामन ह्यांनींही मुख्यतः तीच बोली वापरली. त्यामुळें मूळ प्रोग्रॅमास हात न लावतां त्याच्या क्रियांस आवाज जोडणें त्यांस शक्य झालें.

विंडोजवर पुरवणी लिहूं पाहणारापुढें आज मुख्यतः दोन घरें आहेत. पहिला स्क्रीन रीडर जॉज. दृष्टि गमावलेले अमेरिकन गृहस्थ टेड हेन्टर ह्यांच्या कंपनीनें तो १९८९ सालीं प्रथम काढला. तो विकत घ्यावा लागतो, व अनेक कार्यालयांत तोच असतो. त्याची स्क्रिप्ट-भाषा स्वतंत्र आहे. ती उपयुक्त आहे खरी, परंतु जॉजच्या उंबरठ्याबाहेर तिला कोणी ओळखत नाहीं. दुसरा एनव्हीडीए. मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं त्यास आरंभ केला, व जेम्स टे हे दुसरे अंध प्रोग्रॅमर त्यांस येऊन मिळाले. हा विनामूल्य मिळतो, आणि त्याचें मूळ लिखाण कोणासही वाचतां येतें. त्याचा मोठा भाग पायथन भाषेंत आहे, व त्याच्या पुरवण्याही पायथनमध्येंच लिहितात. ही भाषा गीडो व्हान रॉसम ह्या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. आज शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांपासून आपल्याकडील अकरावी-बारावीच्या वर्गांपर्यंत ती पोहोंचली आहे.

पायथनविरुद्ध एक आक्षेप घेतात, तो विचारणीय आहे. पुष्कळ भाषांत विधानांच्या एका गटाचा आरंभ व शेवट कंस घालून दाखवितात. कंस कानांस स्पष्ट ऐकूं येतो. पायथनमध्यें तेंच काम ओळीच्या आरंभीं सोडलेल्या कोऱ्या जागेनें होतें, आणि कोरी जागा ऐकूं कशी यावी ? ह्यावर एनव्हीडीएमध्यें सोय आहे. ओळ किती आंत सरकली आहे, हें तो बोलून, अथवा स्वरानें, अथवा दोन्ही रीतींनीं सांगूं शकतो. जागा जितकी अधिक, तितका स्वर चढा. पेटीवरील सा, रे, ग ओळखणाऱ्या मुलास हें अवघड जाऊं नये.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. समजा, ग्रंथालयाच्या प्रोग्रॅमांत एक निनांवी बटन आहे. त्या प्रोग्रॅमाच्या फाइलच्या नांवाचीच एक पायथन फाइल तयार करून ती ठराविक फोल्डरांत ठेवावयाची. तींत इतकेंच सांगावयाचें कीं, अमुक खुणेची वस्तु समोर आली म्हणजे तिचें नांव 'पुस्तक परत घ्या' असें समजावें. तो प्रोग्रॅम सुरू झाला कीं एनव्हीडीए ही फाइल आपण होऊन उघडतो, आणि जेथें पूर्वी नुसतें 'बटन' ऐकूं येत होतें, तेथें 'पुस्तक परत घ्या' असें ऐकूं येतें. थोड्याच ओळींचें हें काम. परंतु त्यामुळें एका मनुष्यास दुसऱ्याची वाट पाहत बसावें लागत नाहीं.

भाषा निवडली म्हणजे सर्व झालें, असें मात्र नाहीं. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं थांबला. त्याच सुमारास एनव्हीडीएनें तिसरी आवृत्ति स्वीकारली, तेव्हां जुन्या पुरवण्या पुन्हां तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. विंडो-आइज नांवाच्या स्क्रीन रीडरांत तर व्हीबीस्क्रिप्ट, जेस्क्रिप्ट अशा अनेक भाषांची मोकळीक होती. परंतु २०१७ सालीं त्याची विक्री बंद झाली, आणि त्याच्यासाठीं घेतलेले श्रम नव्या घरीं जसेच्या तसे नेतां आले नाहींत. ह्यावरून असें दिसतें कीं, भाषा किती चालतात ह्यापेक्षां मूळ प्रोग्रॅम आपणांस उघडून पाहतां येतो काय, व त्यास सांभाळणारे लोक आहेत काय, हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे.

सारांश, ज्याच्या कार्यालयांत जॉज आहे, त्यानें जॉजची स्क्रिप्ट-भाषा शिकावी. तीवांचून त्याचें काम भागणार नाहीं. ज्यास अद्याप निवड करावयाची आहे, त्यानें पायथनपासून आरंभ करावा, असें आम्हांस वाटतें. ती केवळ सोपी म्हणून नव्हे, तर आपण रोज ज्याच्या आवाजावर विसंबतों, त्या साधनाच्या अंतरंगांत ती आपणांस नेते म्हणून. अंध मुलास तयार साधन मिळवून देणें हें पालकांचें कर्तव्य आहेच. पण तें साधन बिघडलें असतां स्वतः दुरुस्त करण्याची विद्याही त्यास मिळावी, एवढी काळजी त्यांनीं अवश्य घ्यावी.

आणि आमच्या डोळस विद्यार्थ्यांस एक सांगणें आहे. तुम्ही उद्यां प्रोग्रॅम लिहूं लागाल, तेव्हां प्रत्येक बटनास नांव द्या. मग ह्या कामासाठीं निराळी पुरवणी लिहिण्याचा प्रसंग कोणावर येणार नाहीं.