दर्याचे राखणदार

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरून दिसणारी खाडी तुम्ही पाहिली असेल. लोकलने ठाण्याला जाताना मुंब्र्याजवळ खाडी पुन्हा दिसते. उल्हास नदीचे हे पाणी पुढे वसईजवळ अरबी समुद्राला मिळते. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण जिंकले आणि याच खाडीत आरमारासाठी जहाजे बांधायला सुरुवात केली. पुढे त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मोठे सरदार होते. 'दर्या' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. पण जरा थांबा! उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत मात्र दर्या म्हणजे समुद्र.

आज आपले नौदल समुद्रावर देशाचे रक्षण करते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण समुद्रावर रोज गस्त घालणारे आणखी एक दल आहे. त्याचे नाव भारतीय तटरक्षक दल. तट म्हणजे किनारा.

हे दल का निर्माण झाले? १९६० नंतर पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची चोरटी आयात फार वाढली. चोरांच्या होड्या वेगवान, तर कस्टम खात्याच्या संथ! नौदलाची लढाऊ जहाजे या कामावर रोज कशी पाठवणार? शिवाय १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडले. त्याचीही राखण हवी होती. त्याच वर्षी सरकारने के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे नामवंत पोलीस अधिकारी आपल्या विदर्भातील कामठीचे. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून मिळालेल्या सात जहाजांनिशी दलाचे काम सुरू झाले. १९७८ साली संसदेने त्यासाठी कायदा केला.

आता एक खरी हकीकत वाचा. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे मालवाहू जहाज ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून जपानला निघाले. वाटेत चाच्यांनी, म्हणजे समुद्रावरील लुटारूंनी, ते बळकावले. सतरा खलाशांना त्यांनी तराफ्यावर बसवून भर समुद्रात सोडून दिले. जहाजाचे नावही बदलले. पण नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात आले, तेव्हा तटरक्षक दलाने त्याला हेरले. दलाचे 'ताराबाई' हे जहाज पाठलागावर निघाले. इशारे दिले, तरी चाचे थांबेनात! मग नौदलाचे 'प्रहार' मदतीला आले. पकडले जाणार हे दिसताच चाच्यांनी जहाज बुडवण्याचा प्रयत्न केला. पण आपल्या जवानांनी ते वाचवले आणि पंधरा चाच्यांसह मुंबईला आणले.

आणि ते सतरा खलाशी? अनेक दिवस ते लाटांवर तरंगत होते. अखेर एका मासेमारी बोटीने त्यांना वाचवले. मोठमोठी जहाजे जवळून निघून गेली असतील, पण उपयोगी पडले ते मच्छीमारच!

मच्छीमारांवरच संकट आले तर? डहाणू, सातपाटी ही कोळ्यांची गावे २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यात होती. आता ती पालघर जिल्ह्यात आहेत. तेथील बोटी कित्येक दिवस खोल समुद्रात असतात. वादळाची सूचना मिळाली, की दलाची जहाजे व विमाने रेडिओवरून त्यांना परत फिरायला सांगतात. इंजिन बंद पडले, बोटीत पाणी शिरले किंवा कोणी आजारी पडले, तर हाक मारायची ती याच दलाला. त्याचा दूरध्वनी क्रमांक १५५४. तुमच्या ओळखीचे कोणी बोट घेऊन समुद्रावर जात असतील, तर त्यांना हा क्रमांक ठाऊक आहे का, हे घरी गेल्यावर जरूर विचारा.