विषारी वायू : धोका, दक्षता आणि भरपाईचा हक्क
(सभासद शिक्षण पाठ)



विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी दोरीने पेटता कंदील खाली सोडून पाहायचा, ही चाल आपल्याकडे वाडवडिलांपासून आहे. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. खाली प्राणवायू नाही एवढे त्या कंदिलाने कळत असे. चाल शहाणपणाची होती, पण ती विहिरीपुरती होती. आज आपल्या भोवती कारखाना आहे, डिस्टिलरी आहे, सांडपाण्याचे हौद आहेत, घराघरांत गोबरगॅस आहे आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्याच्या अंगणातून जातो. या ठिकाणचे वायू कंदिलाला जुमानत नाहीत. काही वायू कंदील तेवत असतानाही माणूस मारतात, तर गोबरगॅससारख्या वायूत कंदील नेला तर भडकाच उडतो.

म्हणून या पाठात तीन गोष्टी पाहू. कोणता वायू काय करतो, बाधा झाली तर त्या घटकेला काय करावे, आणि नुकसान झाले तर भरपाई कोणाकडे व कशाच्या आधारावर मागावी. तिसरी गोष्ट आपल्याकडे कोणी शिकवत नाही. म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ देऊ.

१. आपल्या ओळखीचे वायू

गंधकाचा धूर (सल्फर डायऑक्साइड) : पांढरी साखर करण्यासाठी उसाच्या रसात हा वायू सोडतात. त्यासाठी टनभर उसाला साधारण अर्धा किलो गंधक जाळावे लागते. सल्फर बर्नर नीट चालला नाही, पाइपला गळती लागली किंवा रसात वायू पुरता मुरला नाही, की तो बाहेर पडतो. फटाक्याच्या धुरासारखा तिखट वास येतो, डोळे चुरचुरतात, घसा आवळतो. दमेकऱ्याला थोडाही पुरतो. पिकाच्या पानांवर करपल्यासारखे डाग पडतात.

सडक्या अंड्याचा वायू (हायड्रोजन सल्फाइड) : सांडपाण्याच्या हौदात, साठलेल्या स्पेंट वॉशमध्ये आणि गोबरगॅसमध्ये हा असतो. याची खोड फार वाईट आहे. थोडा असला तर वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. माणसाला वाटते, गेला वाटते वायू! तोच तर खरा धोका. त्याच्या पाच-सात पट झाला की माणूस जागीच कोसळतो.

कार्बन डायऑक्साइड : मळीच्या टाकीत आणि आंबवण्याच्या हौदात तयार होतो. रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो.

क्लोरीन आणि अमोनिया : क्लोरीन पाणी शुद्ध करण्याच्या ठिकाणी सिलिंडरमध्ये असतो. पिवळट-हिरवा आणि जड, जमिनीलगत सरकतो. अमोनिया शीतगृहांत व खत कारखान्यांत वापरतात. हे दोन्ही टँकरमधूनही जातात. टँकरच्या फलकावर चार आकडी क्रमांक असतो : अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, स्वयंपाकाचा गॅस १०७५. टँकर उलटला तर जवळ न जाता दुरून हा क्रमांक वाचावा आणि ११२ ला फोन करून सांगावा. अग्निशामक दलाला निम्मी माहिती त्यातच मिळते.

२. त्या घटकेला काय करावे

वारा कोणत्या अंगाने वाहतो ते चिमणीच्या धुरावरून पाहावे. वायू आपल्याकडे येत असेल तर वाऱ्याला आडवे निघावे. वाऱ्याच्या दिशेनेच धावत सुटलो तर वायूही आपल्याबरोबर धावतो. जड वायू असेल तर नाल्यात, खोलगट जागी किंवा तळघरात लपू नये, उंचावर जावे. ओले फडके नाकातोंडावर धरल्याने गंधकाचा धूर, क्लोरीन व अमोनिया यांचा मारा थोडा कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला त्याचा उपयोग नाही. डोळे स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत. अंगावरचे कपडे काढून बाजूला ठेवावेत. हळद, दूध, तूप पाजत बसू नये. १०८ ची गाडी बोलवावी.

टाकीत माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये, हे घरातल्या पोरासोरांनाही शिकवा. अशा अपघातांत पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि एकाच घरची दोन-तीन माणसे जातात. माया असते, पण श्वासाचे साधन नसते. हवा भरलेला मुखवटा, कमरेला दोर आणि वर दोर धरणारा माणूस, याशिवाय कोणी उतरू नये. मग तो मुकादम सांगो की मॅनेजर.

आणखी एक. क्लोरीनसारख्या वायूने फुप्फुसात पाणी साचायला काही तास लागतात. संध्याकाळी "आता बरं वाटते जी" म्हणून घरी गेलेला माणूस पहाटे घुसमटू शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर दवाखान्यातच थांबावे.

३. भोपाळने काय शिकवले

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि ३ तारखेच्या पहाटेपर्यंत झोपड्या-वस्त्यांतून पसरला. हजारो माणसे गेली, लाखो बाधित झाले. कारखान्यात काय बनते आणि वायू सुटला तर काय करायचे, हे शेजारच्या वस्तीला कोणी सांगितले नव्हते.

पुढची गोष्ट आपण नीट पाहू. १९८५ मध्ये केंद्र सरकारने खास कायदा करून सर्व बाधितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आकडा मोठा दिसतो, पण वाटप साडेपाच लाखांहून अधिक लोकांत झाले. बहुसंख्यांच्या वाट्याला 'तात्पुरती इजा' या सदराखाली २५,००० रुपये आले आणि २००४ नंतर तेवढेच आणखी मिळाले. ज्यांना जन्मभर दम लागत राहिला असेही पुष्कळ लोक याच सदरात अडकले. त्या धावपळीत कोणाजवळ केसपेपर होता, तर कोणाजवळ नव्हता. इजा कायमची आहे हे पटवायचे तर त्या वेळचा आणि पुढचा कागद लागतो. २०१० मध्ये सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. या सगळ्यात ३८ वर्षे गेली.

४. कायदा कोठे उभा आहे

भोपाळनंतर वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितले की घातक धंदा करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे. "आम्ही काळजी घेतली होती", "कंत्राटदाराची चूक होती", "परक्याने वाल्व्ह उघडला" अशी कोणतीही सबब चालणार नाही. त्यानंतर सामान्य माणसाच्या उपयोगाचे हे रस्ते तयार झाले :

(अ) सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१. ठराविक प्रमाणापेक्षा जास्त घातक पदार्थ हाताळणाऱ्याने विमा काढलाच पाहिजे. अपघात झाला तर बाहेरच्या बाधिताने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा. चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मूळ कायद्यात मृत्यूसाठी २५,००० रुपये एवढीच रक्कम होती, म्हणून याला तातडीची मदत समजावे. हा अर्ज केल्याने मोठ्या भरपाईचा हक्क जात नाही.

(आ) राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, २०१० च्या कायद्याने. आपल्यासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे. माणूस, जनावर, पीक, पाणी या सर्वांच्या नुकसानीची भरपाई येथे मागता येते, तीही पाच वर्षांच्या आत. ७ मे २०२० ला विशाखापट्टणम येथे स्टायरीन वायू सुटून माणसे गेली, तेव्हा या न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये भरायला सांगितले होते.

(इ) कामावर असताना बाधा झालेल्या कामगाराचा रस्ता वेगळा आहे. त्याने कामगार भरपाई किंवा ई.एस.आय. कडे जावे. कंत्राटी मजूर असला तरी हक्क सुटत नाही.

(ई) वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार औद्योगिक दुर्घटनेत सापडलेल्यांना, स्त्रियांना, कामगारांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो. आपल्या केळापूर तालुक्यात कोलाम व गोंड बांधव मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी पुरे.

५. आपल्याच जिल्ह्यातला दाखला

लांब भोपाळला कशाला जायचे? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ती चिमणीतली वाफ नव्हती, पंपातला फवारा होता. पण श्वासातून व कातडीतून शरीरात जायची वाट तीच. पुढे २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंड सरकारकडे तक्रार गेली. २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी तिथल्या बासेल शहरात सिंजेंटा कंपनीवर दिवाणी दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. दाव्याचे काहीही होवो, एक गोष्ट ध्यानात घ्या. सातासमुद्रापार जे कागद पुढे ठेवले गेले त्यांत आपल्याच जिल्ह्यातल्या पोलिसांच्या नोंदी होत्या. कोणी कोणते औषध फवारले हे त्या वेळी लिहून ठेवले गेले, म्हणून ते पुढे बोलता आले.

६. पहिल्या तीन दिवसांचे कागद

वायू तासाभरात उडून जातो. नंतर तपासायला कोणी आले तर हवा स्वच्छच सापडते. म्हणून :

१) केसपेपरवर नुसते 'खोकला, ताप' लिहू देऊ नये. "अमुक ठिकाणी, इतक्या वाजता वायूची बाधा" असे लिहून घ्यावे. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यास पोलिसांना कळवण्याची नोंदही करायला सांगावी.
२) पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी व पोच घ्यावी.
३) पिकाचा पंचनामा तलाठी व कृषी सहायकाकडून, जनावराचा दाखला पशुवैद्यकाकडून घ्यावा. मेलेले जनावर तपासणीआधी पुरू नये.
४) माणूस दगावला तर शवविच्छेदन टाळू नये. दुःख मोठे असते, पण त्याशिवाय दावा टिकत नाही.
५) बाधितांची यादी करावी : नाव, वय, त्या वेळी कोठे होता, काय त्रास झाला. वाऱ्याची दिशा लिहावी. फोटो काढावेत.
६) सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तपासणी करून तो कागद त्याच पाकिटात ठेवावा. भोपाळच्या लोकांना याचीच उणीव भासली.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, आणि "सर्व हिशेब मिटला" असे लिहिलेला कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करून देऊ नये.

७. मालकही आपण, शेजारीही आपण

आतापर्यंत आपण बाधिताच्या बाजूने पाहिले. पण सहकारी कारखान्याचा सभासद दुसऱ्या बाजूलाही उभा असतो. शेअर आपला आहे. कारखान्यातून वायू सुटून कोणाचा जीव गेला तर भरपाई आपल्याच पैशातून, म्हणजे शेवटी उसाच्या भावातून जाणार. आणि बाधा होणार ती बहुधा आपल्याच शिवाराला, किंवा ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना. कोप्या पडतात त्या मोकळ्या खोलगट जागी, कधी सांडपाण्याच्या हौदाजवळ. जड वायू आधी तेथेच पोचतो. ती माणसे सभासद नाहीत, सभेत त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने बोलायचे काम आपले आहे.

"वास तं रोजच येते, त्यात काय नवल?" असे आपण म्हणतो. रोज येणाऱ्या वासाचीच चौकशी आधी व्हायला हवी. म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भावाच्या प्रश्नाबरोबर हेही प्रश्न विचारावेत :

१) आपल्याकडील घातक पदार्थांचा साठा किती? तो १९९१ च्या कायद्याच्या मर्यादेत येतो काय? येत असेल तर विमा चालू आहे काय?
२) मळीच्या टाकीत व हौदात उतरण्यासाठी लेखी परवानगी आणि हवा तपासण्याचे यंत्र आहे काय? कंत्राटी मजुरालाही मुखवटा मिळतो काय?
३) सल्फर बर्नरच्या पाइपची तपासणी गळिताआधी झाली काय?
४) भोंगा कसा वाजला म्हणजे गावाने निघायचे, हे गावाला सांगितले आहे काय? रंगीत तालीम शेवटी केव्हा झाली?
५) कोप्यांची जागा कोणी ठरवली?

हे प्रश्न विचारणारा कारखान्याचा वैरी नव्हे. विहिरीत माणूस उतरवण्याआधी कंदील सोडणारा विहिरीचा वैरी नसतो.

घरी चर्चेसाठी :
(क) सडक्या अंड्याचा वास एकाएकी थांबला तर काय समजावे?
(ख) बाहेरच्या बाधिताने जिल्हाधिकाऱ्यांकडे किती वर्षांच्या आत अर्ज करावा?
(ग) तुमच्या घरापासून वाऱ्याला आडवी जाणारी उंच वाट कोणती? आज संध्याकाळी मुलांना घेऊन ती एकदा चालून पाहा.