सैनिकी शाळा : मुलास पाठवावे काय?

बेळगावकरांच्या तर दाराशीच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे; तेव्हा हा प्रश्न आपल्या घरांत निघणारच. प्रथम एक गैरसमज दूर करू. अशा शाळेतला प्रवेश म्हणजे सैन्यातील अधिकारपद नव्हे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती मुलांना खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी तयार करण्याकरिता. परंतु तेथील विद्यार्थ्यालाही लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, निवड मंडळापुढील पाच दिवसांची कसोटी आणि वैद्यकीय तपासणी चुकत नाही.

ही तपासणी पालक अगदी शेवटी मनात आणतात. वैमानिक होऊ म्हणणाऱ्या मुलाला रंगांधळेपणा असेल, तर ते नेत्रवैद्याकडे एका फेरीत कळते. मग आधीच का जाऊ नये? शाखेचेही तसेच. भूदलास बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलास पदार्थविज्ञान, रसायन व गणित लागते.

राहिला मुलगा. सहावीत, म्हणजे दहा-बारा वर्षांचा असताना, त्याला घर सोडावे लागते. गणवेश कोणाला आवडत नाही? पहाटेची कवाईत, आपले कपडे आपण नीट ठेवणे, आजारपणात आई जवळ नसणे, हे त्याला सांगून विचारावे, आणि विचारताना वडिलांनी (हौस बहुधा त्यांचीच असते!) खोलीबाहेर थांबावे.

तो नको म्हणाला, तर वाट बंद होत नाही. साध्या शाळेतून बारावी होऊनही प्रबोधिनीची परीक्षा देता येते. २०२२ पासून तेथे मुलीही शिकत आहेत.