थंड डबा माल थंड करत नाही, थंड राखतो

आम्ही कापडाचे व्यापारी. आमची गाठ गोदीत पंधरा दिवस पडून राहिली तरी कापड कापडच राहते. फार तर व्याज चढते. फळे, मासळी आणि गोठवलेले मांस यांचा हिशेब निराळा आहे. हा माल रस्त्यातच मरतो आणि त्याबरोबर भांडवलही मरते. यंत्रमागाला मंदी आली की आमचे काही बांधव विचारतात, "आखाती देशांत डाळिंब, द्राक्षे पाठवली तर कसे?" त्यांच्यासाठी हा लेख आहे. आम्ही हा धडा रक्कम मोजून शिकलो, तो वाचकांनी फुकट घ्यावा.

समुद्रमार्गे गोठवलेला माल पाठविण्याचा धंदा नवा नाही. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी 'डुनेडिन' नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून मेंढ्यांचे गोठवलेले मांस घेऊन निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. मांस उत्तम स्थितीत उतरले. त्या जहाजावर वाफेवर चालणारे यंत्र होते आणि मांस जहाजावरच गोठवले गेले होते. आजचा रीफर कंटेनर पाहून अनेकांना वाटते की तोही तेच काम करतो. येथेच पहिली चूक होते.

डबा कसा चालतो?

रीफर कंटेनरच्या पुढच्या भिंतीत यंत्र असते. ते थंड हवा जमिनीवरील पन्हळींतून सोडते. ही हवा खोक्यांमधून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. भिंतींतून आत शिरणारी उष्णता बाहेर काढावी, एवढीच या यंत्राची ताकद ठेवलेली असते. फळ तोडल्यावरही श्वास घेते आणि स्वतःची थोडी उष्णता सोडते, तीही हे यंत्र ओढते. परंतु उन्हात तापलेला कित्येक टन माल भरला, तर तो गार व्हायला दिवसच्या दिवस जातात. तेवढ्यात फळाचे आयुष्य निम्मे संपलेले असते.

आमची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एका भाईंनी चार माग विकून रक्कम उभी केली. निम्मी रक्कम आम्ही घातली. सटाणा भागातून भगवा डाळिंब घेतला आणि दुबईच्या जेबेल अली बंदरासाठी डबा ठरवला. महिना मार्चचा. शीतगृहात माल एक दिवस ठेवला असता तर भाडे पडले असते. ते आम्ही वाचवले. दुपारी शेडमधून खोकी थेट डब्यात चढवली. आत तांबडी रेघ असते, तिच्या वर माल भरू नये असा नियम आहे. शंभर खोकी जास्त बसतात म्हणून आम्ही छतापर्यंत भरली.

डबा उघडला तेव्हा वरच्या थरांतील आणि दाराकडील खोकी ओली होती, डाळिंबाच्या मुकुटात बुरशी होती, साल तपकिरी पडली होती. माल पाव किमतीत गेला. आम्ही जहाज कंपनीवर बोट ठेवले. कंपनीने डब्याच्या यंत्रातील नोंद काढून पुढे ठेवली. यंत्रातून बाहेर पडणारी हवा पहिल्या रात्रीपासून ५ अंश होती. परत येणारी हवा मात्र चार दिवस गरमच होती. म्हणजे यंत्र चालू होते, माल गरम भरला गेला होता. विमा कंपनीनेही हात वर केले. न्हावा शेवा येथील क्लिअरिंग एजंटच्या जुन्या मुनिमाने आम्हाला सांगितले, "शेठ, डबा थंड करत नाही, थंड राखतो." हे वाक्य माल भरण्याआधी ऐकले असते तर भाईंचे माग वाचले असते.

ध्यानात ठेवण्याच्या बाबी

१. माल आधी थंड करा. फळ तोडल्यावर लवकरात लवकर प्री-कूलिंग करून, गाभ्यापर्यंत ठरलेल्या अंशावर आणूनच भरावे. फळात काटा खुपसून तापमान पाहावे; खोक्यावर हात ठेवून पाहणे पुरेसे नाही. भरताना दार उघडे असेल तर यंत्र बंद ठेवावे, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरून पाणी धरते.

२. अंश लेखी द्या. डाळिंब साधारण ५ अंश, द्राक्षे शून्याच्या आसपास, आंबा १२ ते १३, केळी १३ ते १४, गोठवलेला माल उणे १८. केळी यापेक्षा थंड झाली तर साल काळवंडते. बुकिंगच्या कागदावर अधिक की उणे, सेल्सिअस की फॅरनहाइट, हे स्पष्ट लिहावे. अधिक ५ ऐवजी उणे ५ लागले तर संपूर्ण डबा बर्फ होतो.

३. हवेची झडप. ताज्या फळांना बाहेरची हवा लागते; तासाला किती घनमीटर, तेही कागदावर नमूद करावे. गोठवलेल्या मालाला झडप पूर्ण बंद असावी. निरनिराळी फळे एका डब्यात घालू नयेत. एकाचा वायू दुसऱ्याला पिकवतो.

४. भरणा. ताज्या मालाची खोकी भोकांची असावीत आणि भोकावर भोक येईल अशी रचावीत. तांबड्या रेघेच्या वर एक खोकेही नको. जमिनीचा भाग उघडा राहिला तर हवा तेथूनच पळते, मालातून जात नाही.

५. वीज. शेडपासून बंदरापर्यंत ट्रकवर जेनसेट चालू आहे की नाही, हे स्वतः पाहावे. डबा देण्यापूर्वी यंत्राची तपासणी झाल्याचा कागद मागावा. मालामध्ये आपला स्वतःचा तापमान नोंदणारा रेकॉर्डर ठेवावा. डब्याची नोंद कंपनीच्या हाती असते, ही आपल्या हाती राहते.

६. विमा आणि मुदत. गोठवलेल्या मालाच्या प्रचलित विमा कलमांत यंत्राच्या बिघाडामुळे झालेले तापमानाचे नुकसान यंत्र सलग किमान २४ तास बंद पडले तरच धरले जाते. केवळ उशीर झाल्यामुळे माल खराब झाला तर सर्वसाधारण विम्यात भरपाई नसते. म्हणून विमा घेताना कलमे वाचून घ्यावीत. बाहेरून न दिसणारे नुकसान ताबा घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावे. दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो.

उशिराची बाब हलकी समजू नये. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्यामुळे २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षे युरोपला पोहोचण्यास दहा ते पंधरा दिवस अधिक लागले. ज्यांचा माल तोडल्याबरोबर नीट थंड झाला होता, त्यांना या वाढीव दिवसांतही काही आधार राहिला. आखाताचा प्रवास त्या मानाने जवळचा; नवख्या माणसाने तेथूनच सुरुवात करावी.

पुढच्या हंगामात आम्ही दोघांनी पुन्हा एक डबा पाठवला. शीतगृहाचे भाडे दिले, शंभर खोकी कमी भरली, रेकॉर्डर ठेवला. नफा थोडाच झाला, पण माल टवटवीत उतरला. भाईंनी त्या पैशांत एक माग परत घेतला. तीन अजून घ्यायचे आहेत.

बांधवांना आमची एवढीच विनंती आहे की पहिला डबा एकट्याने पाठवू नका. ज्याने दोन-चार हंगाम काढले आहेत अशा निर्यातदाराबरोबर भागीत जा, भरण्याच्या दिवशी स्वतः शेडवर उभे राहा, आणि एका दिवसाचे भाडे वाचवू नका.