तुझं नाव कुणी ठेवलं?

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की लगेच उठू नका. एकमेकींना विचारा, तुझं नाव कुणी ठेवलं?

बऱ्याच जणी सांगतील, आत्यानं. पण आपल्या सातारा-सांगलीकडं कितीतरी घरांत तिसरी-चौथी मुलगीच झाली म्हणून तिचं नाव ‘नकुसा’ ठेवलं. म्हणजे नकोशी. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचं एकाच कार्यक्रमात नव्यानं बारसं झालं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली.

आणि बोल लागायचा तो आईला! मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. बाईच्या कुशीचा त्यात काही दोष नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे सांगा.

आमच्या गटातल्या एक मावशी अशाच नकुसा. लग्नात सासरच्यांनी नाव बदललं, पण कागद बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं. कर्जाचा अर्ज दोनदा परत आला. आता राजपत्रात नावबदल छापून घेतलाय.

मी विचारलं, “मावशी, जुन्या नावाचा राग येत नाही?”

म्हणाल्या, “येतो की. पण आई त्याच नावानं जेवायला हाक मारायची गं.”

पुढच्या बैठकीला येताना आधार आणि पासबुक दोन्ही आणा. नावं अक्षर न् अक्षर ताडून बघू.