पुरुषवंध्यत्व व ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस : गलाई व्यावसायिकांच्या संदर्भात

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव व सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील असंख्य कुटुंबांचे पुरुष सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतांत जात आले आहेत. दिवाळीस अथवा गावच्या यात्रेस ते परततात, तेव्हा आपणा चिकित्सकांपुढे एक तक्रार हमखास येते. विवाहास सहा-सात वर्षे झाली, अपत्य नाही. पत्नीच्या तपासण्यांची जाडजूड फाईल सोबत असते. पतीची वीर्यतपासणी मात्र एकदाही झालेली नसते.

असाच एक ३३ वर्षीय रुग्ण आमच्याकडे आला. पत्नीवर पाच वर्षे उपचार झाले होते व घरात दुसऱ्या विवाहाची भाषा सुरू होती. वीर्यतपासणीत शुक्राणुसंख्या प्रति मिलिलिटर ११ दशलक्ष व पुढे सरकणारे शुक्राणू १४ टक्के आढळले. आम्ही परिपाठाप्रमाणे त्रिवंग भस्मयुक्त कल्प दिला. व्यवसायाचा सविस्तर इतिहास दुसऱ्या भेटीत विचारला. हा क्रम चुकीचा होता, आणि ती चूक आमची होती. तिचे कारण पुढे स्पष्ट होईल.

आधुनिक संप्राप्ती

शरीरात प्राणवायूच्या वापरातून काही अतिक्रियाशील रेणू सतत निर्माण होतात. अल्प प्रमाणात ते आवश्यकच असतात. शुक्राणूस बीजात प्रवेश करण्याची पात्रता त्यांच्या साहाय्यानेच येते. त्यांची निर्मिती वाढली किंवा त्यांना आवरणारी शक्ती घटली, की जी स्थिती उद्भवते ती ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. अधिक प्राणवायूत ठेवलेले शुक्राणू गती गमावतात, हे मॅक्‌लिओड यांनी १९४३ मध्येच दाखविले होते.

शुक्राणू या आघातास विशेष बळी पडतो. त्याच्या आवरणात असंतृप्त स्निग्धाम्ले विपुल असतात व ती सहज विदग्ध होतात. पेशीद्रव अत्यल्प असल्याने संरक्षक एन्झाइम्सही तुटपुंजी असतात. परिणामी आवरण बिघडून गती मंदावते आणि डीएनए खंडित होतो. यामुळे गर्भधारणा होत नाही, अथवा झालेला गर्भ टिकत नाही.

व्हेरिकोसील, जंतुसंसर्ग, तंबाखू, मद्य, स्थौल्य, मधुमेह व उष्णता ही नित्य आढळणारी कारणे होत. वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावे लागते. गलाई कारागिराच्या बाबतीत भट्टीची आच व आम्लाचा धूर यांत शिसे व जुन्या दागिन्यांच्या डाखातील कॅडमियम यांची भर पडते. हे दोन्ही धातू शुक्राणूंस घातक आहेत. शिसे तर ग्लुटाथायोन हे शरीराचे स्वतःचे संरक्षक द्रव्यच क्षीण करते.

आयुर्वेदीय दृष्टी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात आठ शुक्रदोष वर्णिले असून हेतूंमध्ये अति उष्ण, अम्ल व लवण सेवन, चिंता, शोक व वेगावरोध यांचा अंतर्भाव केला आहे. शुक्र हा सौम्य व स्निग्ध धातू. उष्ण-तीक्ष्ण-रूक्ष हेतूंनी त्याचा स्नेह नष्ट होतो, हा विचार वरील संप्राप्तीच्या जवळ जातो. तथापि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजेच पित्तदुष्टी, असे सरळ समीकरण मांडण्याची घाई करू नये.

परीक्षण

जोडप्यातील दोघांचेही परीक्षण एकाच वेळी सुरू करावे. वीर्यतपासणी दोन ते सात दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर करावी व दोष आढळल्यास पुन्हा करून खात्री करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार किमान संदर्भमूल्ये अशी : प्रमाण १.४ मिलिलिटर, संख्या प्रति मिलिलिटर १६ दशलक्ष, पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के, प्राकृत आकार ४ टक्के. अहवालातील प्रत्येक गोल पेशी ही पूयपेशी नसते, हे ध्यानी ठेवावे. व्हेरिकोसील उभ्या स्थितीत तपासावे. गलाई रुग्णात रक्तातील शिशाची तपासणी अवश्य करावी. वीर्यात शुक्राणूंचा पूर्ण अभाव असल्यास औषधात काळ न दवडता तज्ज्ञांकडे पाठवावे.

चिकित्सा

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. आमच्या रुग्णाची भट्टी राहत्या खोलीतच होती, आणि रक्तातील शिसे वाढलेले निघाले. त्रिवंगातील एक घटक नाग, म्हणजे शिसेच. आम्ही तो कल्प तत्काळ थांबविला. शिशाचा संपर्क असलेल्या रुग्णास नाग अथवा त्रिवंग भस्म देऊ नये, आणि शिशाचे प्रमाण जास्त असल्यास फिजिशियनचे साहाय्य घ्यावे.

त्यानंतर बलानुसार स्नेहपूर्वक विरेचन व बस्ती, आणि पुढे क्षीर-घृत, आमलकी, गोक्षुर, अश्वगंधा यांची योजना करावी. लखनौ येथील अभ्यासात (२०१०) ७५ वंध्य पुरुषांना रोज ५ ग्रॅम अश्वगंधाचूर्ण तीन महिने दिले असता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घटून वीर्यगुण सुधारले. मात्र त्यात प्लासिबो गट नव्हता. यकृतविकार व थायरॉइडविकार असणाऱ्यांत अश्वगंधा जपून वापरावी.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा सरसकट मारा हितकर नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ३० मिलिग्रॅम जस्त व ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सहा महिने देऊनही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

अपत्यासाठी 'शक्तिवर्धक' मागणाऱ्या ग्राहकास प्रथम वीर्यतपासणी सुचवावी. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणुनिर्मिती वाढवीत नाहीत, उलट दडपतात. घटक न छापलेली कॅप्सूल विकू नये, आणि भस्मयुक्त कल्प चिकित्सकाच्या चिठ्ठीविना देऊ नयेत.

उपसंहार

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस व परिपक्व होऊन बाहेर येण्यास आणखी दोन आठवडे लागतात. म्हणून तीन महिन्यांआधी निष्कर्ष काढू नये. आमच्या रुग्णाने भट्टी वेगळ्या जागी हलविली, धुराडे बसविले, तंबाखू सोडली व पत्नीस सोबत नेले. सहा महिन्यांनी संख्या २१ दशलक्ष व पुढे सरकणारे शुक्राणू ३१ टक्के झाले. पुढच्या दिवाळीस जोडपे आले, तेव्हा पत्नीस चौथा महिना होता. यांतील कोणत्या उपायाचे श्रेय किती, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही. परंतु पाच वर्षे औषधे घेणाऱ्या त्या स्त्रीस आरंभीच कोणी विचारले असते, 'यजमान काय काम करतात?' तर ती वर्षे व तो बोल वाचला असता. वैद्यबंधूंनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, ही विनंती.